डिकीतला सिलिंडर आणि पत्र्यावरची तारीख

श्रोतेहो, नमस्कार. स्वयंपाकघरातला गॅस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. घरातला एलपीजी सिलिंडरमध्ये द्रवरूप असतो आणि गळला तर हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. गाडीतला सीएनजी, म्हणजे मुख्यतः मिथेन, वायुरूपच राहतो आणि हवेपेक्षा हलका असल्यामुळे उघड्यावर चटकन वर निघून जातो. मात्र लहान टाकीत पुरेसा वायू मावावा म्हणून तो सुमारे 200 बार दाबाने भरावा लागतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे शंभरपट दाब. होय, शंभरपट, आणि हा सारा दाब त्या एका पोलादी सिलिंडरने पेलायचा असतो.

अरबी समुद्रातल्या बॉम्बे हाय तेल-वायू क्षेत्राचा वायू उरणला किनाऱ्यावर येतो. 1995 साली मुंबईत सीएनजी पुरवणारी महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे मुंबईतल्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. मिथेन जळताना काजळी फार थोडी होते, हा त्यातला मोठा लाभ. गॅसवर गाडी चढाला दमते, अशी तक्रार असते आणि ती खरी आहे, कारण इंजिनात हवेची काही जागा वायूच घेतो. त्यासाठी चालकावर चिडणे मला अन्यायाचे वाटते.

आता 2012 च्या जुलैतला एक प्रसंग सांगतो. आईला कोयना एक्स्प्रेसने कराडला पाठवायचे होते, म्हणून चेंबूरहून दादरला जाण्यासाठी आम्ही काळी-पिवळी पद्मिनी केली. डिकी सिलिंडरने व्यापलेली असल्यामुळे बॅग कॅरिअरवर दोरीने बांधून वर प्लास्टिक टाकले होते. वाटेत चालकमामांनी गॅस भरण्यासाठी गाडी पंपावर घेतली. भरताना सर्वांनी खाली उतरायचे हा नियम, त्यामुळे सत्तरीची आई छत्री धरून पावसात उभी राहिली. पंपावरच्या मुलाने बॉनेट उघडायला लावले, बॅटरीच्या उजेडात गॅस भरायच्या वाल्व्हजवळची पत्र्याची पट्टी वाचली आणि हातातली नळी परत अडकवली.

"मामा, सिलिंडरच्या चाचणीची तारीख मार्चमध्येच गेली आहे. गॅस मिळणार नाही."

"अरे पोरा, टाकी घट्ट आहे. कधी वाससुद्धा आला नाही. सिलिंडर काढून दिला की दोन दिवस गाडी उभी. दोन दिवस घरी काय खायचं?"

मागच्या रांगेतून हॉर्न वाजू लागले. गाडी चुकेल या काळजीने मीही त्या मुलाला विनवले, तरी तो हलला नाही. "साहेब, गळत नाही म्हणून टाकी चांगली, असं नसतं," एवढेच तो शांतपणे म्हणाला. आई मला म्हणाली, "तो बरोबर सांगतोय. चल." मामांनी डॅशबोर्डखालचा खटका पेट्रोलवर फिरवला, आणि आम्ही कशीबशी गाडी गाठली.

त्या मुलाचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. दर तीन वर्षांनी सिलिंडर गाडीतून काढून आतून-बाहेरून तपासतात, मग त्यात पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या दीडपटीहूनही अधिक दाब देतात आणि तो किती फुगतो व दाब काढल्यावर पूर्ववत होतो का, हे मोजतात. पाणी अशासाठी, की ते वायूसारखे दबत नाही, त्यामुळे सिलिंडर फुटलाच तरी मोठा स्फोट होत नाही. गळती नाकाला कळते. पोलाद किती झिजले, ते नाकाला कळत नाही. दर तीन वर्षांनी, श्रोतेहो, दर तीन वर्षांनी. गॅसवर चालणाऱ्या शाळेच्या व्हॅनमध्ये ज्यांची मुले बसतात, त्या पालकांनी भाड्याइतक्याच आग्रहाने ही तारीख विचारावी, असे माझे ठाम मत आहे.

महिनाभराने चेंबूर स्टेशनबाहेर तेच मामा भेटले. डिकीत नवा सिलिंडर होता. जुना पाण्याच्या चाचणीपर्यंत पोचलाच नव्हता. त्याला आवळणारे पट्टे सोडल्यावर खालचे रबर कुजलेले निघाले. तिथे पावसाचे पाणी मुरत राहिले होते आणि गंजाने नख रुतेल एवढा खड्डा पाडला होता. सिलिंडर तिथल्या तिथे बाद झाला. "बाहेरून रंग अगदी चांगला होता हो," मामा पुन्हा पुन्हा म्हणत होते. "त्या दिवशी आजी मागेच बसल्या होत्या, टाकीला पाठ लावून."

मग त्यांनी बॉनेट उघडले, खांद्यावरच्या फडक्याने नवी पट्टी पुसली आणि मला ती मोठ्याने वाचायला सांगितली. पुढील चाचणी, ऑगस्ट 2015.