गारवा घरूनच भरून न्या

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतलं एक कुटुंब नव्या इलेक्ट्रिक गाडीतून सोलापूरला लग्नाला निघालं. गाडीत पाच माणसं, त्यांत सत्तरीच्या आजी. मिरज मागे पडलं, ऊन चढलं, आणि गाडी चालवणाऱ्या मुलाच्या मनात रेंजची, म्हणजे बॅटरी पोचेपर्यंत पुरेल का याची, धास्ती बसली. त्याने एसी बंद केला आणि चारी काचा खाली केल्या. सांगोल्याच्या अलीकडे आजींना चक्कर आली. रस्त्याकडेच्या लिंबाखाली त्यांना तासभर झोपवावं लागलं. सुदैवाने त्या लगेच सावरल्या. पण परत आल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, एसी लावला असता तर पोचलो नसतो ना?"

बावीस वर्षं मी गाड्यांच्या एसीचं काम करतोय. उद्यमनगरात गॅरेज आहे. त्या मुलाला मी जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगणार आहे, कारण ही धास्ती त्याच्या एकट्याची नाही. इलेक्ट्रिक गाडी घेतलेली निम्मी माणसं उन्हाळ्यात घाम पुसत गाडी चालवताना मी बघतो, आणि मला खरोखर वाईट वाटतं. ज्या गाडीत एसी सगळ्यात चांगला चालतो, त्याच गाडीत तो बंद!

आधी त्या मुलाचा हिशेब पुरा करतो. त्याची बॅटरी ४० युनिटची. हायवेला सत्तरच्या वेगाने गेलं तर अशी गाडी तासाला साधारण १० युनिट खाते. आतलं एकदा गार झालं की एसीला तासाला एक युनिट लागतं, कधी त्याहून कमी. साडेतीन तासांच्या प्रवासात एसीचे झाले चार युनिट. तेवढी वीज फास्ट चार्जरवर दहा मिनिटांत येते, चहा पिऊन होईपर्यंत. आणि काचा खाली करून सत्तर-ऐंशीने गाडी पळवली की वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो, त्यात वीज जातेच. म्हणजे आजींना चक्कर आली ती चार युनिटांसाठी, आणि तेही पूर्ण वाचले नाहीत.

एसीचा खर्च किलोमीटरवर नसतो, तासावर असतो. हे ध्यानात आलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. हायवेला तासाला दहा युनिट जात असताना एसीचं एक युनिट जाणवत नाही. पण महाद्वार रोडच्या गर्दीत गाडी तासाला पंधरा किलोमीटरने सरकते, तेव्हा चाकांना तासाला जेमतेम दोन युनिट लागतात आणि एसीचं एक. पडद्यावर रेंज भराभर घसरताना दिसते, माणूस घाबरतो. घाबरू नका. घर तीन किलोमीटरवर आहे.

आता एसीचं खरं काम कुठे असतं ते बघा. उन्हात दोन तास उभ्या राहिलेल्या गाडीतली हवा ५५-६० अंशांवर जाते, डॅशबोर्ड त्याहून तापतो. लोकांना वाटतं, हवा गार केली की झालं. पण गाडीतल्या हवेचं वजन ते किती, तीन-चार किलो. उष्णता धरून बसतात त्या सीटा, डॅशबोर्ड, छत, काचा. आपल्या शिरोलीत ज्यांनी फाउंड्रीत काम केलंय त्यांना हे सांगायला नको. साच्यातून काढलेलं ओतीव लोखंड वरून काळं पडतं, थंड वाटतं, पण तासाभरानेही हात लावायची सोय नसते. डॅशबोर्डचं तेच. तुम्ही हवा गार करता, तो परत तापवतो. म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं एसी अडीच-तीन किलोवॅटपर्यंत वीज ओढतो. घरातला दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅटवर अख्खी खोली गार करतो. इथे काचेच्या एका डब्याला त्याच्या जवळपास दुप्पट लागते.

ही पहिली पंधरा मिनिटं बॅटरीतून खर्च करू नका, घरच्या प्लगवर करा. पेट्रोल गाडीत हे शक्यच नव्हतं, कारण तिथे कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप, पट्ट्याने इंजिनला जोडलेला, इंजिन फिरेल तेव्हाच तो फिरणार. इलेक्ट्रिक गाडीत कंप्रेसरची स्वतःची मोटर असते. गाडी चार्जिंगला लावलेली असतानाच, निघायच्या पंधरा मिनिटं आधी मोबाइलवरून एसी सुरू करा. १५ अँपियरच्या साध्या प्लगमधूनसुद्धा तीन किलोवॅटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे एसीला लागेल ती बहुतेक भिंतीतूनच येते. गाडी गार होऊन बाहेर पडते आणि बॅटरी जवळपास भरलेलीच राहते. पुढे रस्त्यात फक्त आलेला गारवा राखायचा असतो.

इथे एक कळकळीची सूचना. मोबाइलवरून एसी चालू आहे म्हणून लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला बंद गाडीत एकटं ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत हा एसी ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होतो, आणि तापायला गाडीला फार वेळ लागत नाही.

बाजारात गेलात आणि प्लग नाही, तर? सावली शोधा, लांब चालावं लागलं तरी चालेल. पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा. डॅशबोर्ड तापला नाही तर निम्मं काम झालं. परत आल्यावर एका बाजूची काच पूर्ण खाली करा आणि विरुद्ध बाजूचं दार पाच-सहा वेळा उघडझाप करा. तापलेली हवा भसकन बाहेर पडते. मग काचा थोड्या उघड्या ठेवून, ब्लोअर जोरात ठेवून शंभर-दोनशे मीटर जा, आणि त्यानंतर काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. बाहेरची ३८ अंशांची हवा पुन्हापुन्हा गार करण्यापेक्षा आतली तीसची करणं केव्हाही स्वस्त. फक्त लांबच्या प्रवासात, गाडी भरलेली असेल तर, मधूनमधून बाहेरची हवा आत घ्या. सगळ्यांच्या श्वासाने आतली हवा कोंदट होते आणि चालवणाऱ्याला पेंग येते.

आता आकडा किती ठेवायचा? गाडीत बसल्याबसल्या लोक सोळावर नेतात. ऑटो बटण असलेल्या गाडीत त्याचा उपयोग नाही. चोवीस लावलं तरी तापलेल्या गाडीत एसी आधी पूर्ण ताकदीनेच सुटतो. फरक पडतो नंतर. चोवीस-पंचवीस गाठलं की कंप्रेसर आपला वेग कमी करतो, हळू फिरत राहतो. सोळावर ठेवलात तर तो बिचारा पळतच राहतो. हा कंप्रेसर कमी-जास्त वेगाने फिरू शकतो, हाच त्याचा मोठा गुण, तो वापरा. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला पेट्रोल गाडीचा एसी मलूल व्हायचा, आठवतं? इथे गाडी उभी असली तरी गारवा तसाच. आणि हवेच्या जाळ्या वर छताकडे करा. गार हवा जड, ती आपोआप खाली उतरते आणि मागच्या सीटपर्यंत पोचते.

कधी फास्ट चार्जरवर गाडी लावून आत बसलात आणि एसी अचानक कमी पडला, तर गाडी बिघडली असं समजू नका. बऱ्याच गाड्यांत तोच कंप्रेसर बॅटरीलाही गार करतो. जोरात चार्ज होताना, किंवा भर उन्हात घाट चढून आल्यावर, बॅटरी तापलेली असते. गाडी आधी तिला सांभाळते, मग तुम्हाला. बॉनेटखालून पंख्याचा मोठा आवाज येतो, तोही त्याचाच. अशा वेळी खाली उतरून सावलीत बसलेलं बरं. वीज वाचवणाऱ्या इको मोडमध्ये असाल तर तेही बघा. तो एसीचा हात आखडता ठेवतो.

पावसाळ्याचं वेगळं. गगनबावड्याच्या बाजूला जुलैत बाहेर बावीस-तेवीस अंश असतात, गारव्याची गरज नसते, पण काचा धुरकटतात. एसी हवा कोरडीही करतो, तेव्हा तो लावाच, आणि हवा बाहेरची घ्या. मात्र तापमानाचं बटण फिरवून लाल बाजूला नेऊ नका. पेट्रोल गाडीत इंजिनची फुकटची ऊब मिळायची; इथे विजेचा हीटर पेटतो. एसी आणि हीटर एकदम चालले की वीज दोन्हीकडून जाते. काच बाहेरून धुरकटली असेल तर काच जास्त गार झाली आहे. तापमान दोन अंश वाढवा आणि वायपर मारा.

आता माझ्या धंद्यातलं, आणि इथे मी जरा जोर देऊन बोलणार आहे. इलेक्ट्रिक गाडीत गॅस भरायचा असेल तर विचारल्याशिवाय कुणाच्या हातात गाडी देऊ नका. या कंप्रेसरची मोटर गॅस आणि तेलातच बुडालेली फिरते, आणि ती चालते शेकडो व्होल्टवर. म्हणून त्यातलं तेल वीज न वाहणारं लागतं. बहुतेक गाड्यांत ते पीओई जातीचं असतं. पेट्रोल गाड्यांत सहसा पीएजी. भरायच्या मशीनच्या पायपात राहिलेलं पीएजी थोडं जरी आत गेलं, तरी विजेची गळती होऊ शकते आणि गाडी स्वतःला सुरक्षित ठेवण्यासाठी बंद पडते. अशी एक गाडी टोइंग होऊन माझ्याकडे आली होती. दुसऱ्या एका ठिकाणी कुणीतरी 'थोडा गॅस मारून' दिला होता. मालकाला भलामोठा खर्च आला. गॅस वजनावर, ग्रॅममध्ये भरायचा असतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर जात आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं. अंदाजाने नाही. आणि नारिंगी वायरींना घरी कुणीही हात लावू नये, ते शेकडो व्होल्ट त्यांतूनच जातात.

तुम्ही घरी करू शकता ते सोपं आहे. पुढच्या जाळीआड कंडेन्सर असतो, एसीची उष्णता बाहेर टाकणारा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागून फिरलात की त्यावर पाचटाची कुसळं आणि काजळी बसते. साध्या नळाच्या पाण्याने, हलक्या धारेने धुवा. जोराची धार मारलीत तर पत्र्याच्या पापण्या वाकतात. गाडी थांबायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे आतली कूलिंग कॉइल सुकते आणि कुबट वास धरत नाही. गाडीखाली पाणी ठिबकतंय? ठिबकू दे, ते चांगलं लक्षण. ठिबकणं थांबलं आणि पायाखालची चटई ओली लागली तर पाइप तुंबलाय.

तो सोलापूरचा मुलगा दिवाळीनंतर पुन्हा तिकडे गेला, आजींसकट. परत निघताना पाहुण्यांच्या घरच्या प्लगवर गाडी गार केली, आकडा पंचवीसवर. सांगोल्यात चहाला थांबले तेवढ्यात चार्जिंग झालं. मिरज ओलांडताना आजींनी एसी कमी करायला सांगितला.

आता जोतिबाची चैत्र यात्रा तोंडावर आली आहे. गाड्या लांब लावून चालत जाल, आणि परत येताना डोक्यापासून पायापर्यंत गुलाल. तसेच गाडीत बसून एसी लावलात की तो सगळा गुलाल ब्लोअर ओढून घेतो आणि फिल्टरमध्ये बसवतो. आधी कपडे झटका, केस झटका, मग दार उघडा. घरी आलात की ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या, मागचा फिल्टर काढून बघा. गुलाबी झाला असेल तर नळाखाली धुऊ नका, बहुतेक फिल्टर कागदी असतात, ओले झाले की चोंदतात. सरळ नवा घाला.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!