वारुळावरची अळंबी

मंडळी, श्रावण चार दिवसांवर आला की आमच्या सिंधुदुर्गात माणसं उजाडायच्या आत रानात शिरतात. हातात टोपली, डोक्यावर प्लास्टिक. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर धड उत्तर मिळत नाही. अळंबीची जागा सख्ख्या भावालाही सांगायची नसते, कारण ती दरवर्षी तिथेच उगवते.

तिथेच का उगवते, हे मला आज सांगायचं आहे. ही अळंबी वाळवीची आहे. गोव्यातली अळमी आणि पूर्व विदर्भातल्या सात्याही याच गोतातल्या. वारुळाखाली वाळवीची शेती चालते. कामकरी वाळवी सुकी पानं, काटक्या, लाकूड खाते. ते अर्धवट पचून बाहेर पडतं आणि त्याच लगद्याचं ती स्पंजासारखं पोळं रचते. त्या पोळ्यावर बुरशी वाढते. लाकडाचा चिवट भाग मोडण्याचं मोठं काम ही बुरशी करते, आणि वाळवीला खायला बारीक पांढऱ्या गाठी देते. सुमारे ३ कोटी वर्षं ही भागीदारी चालू आहे! रोजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या बुरशीच्या प्रजातीला 'टर्मिटोमायसिस' हे नाव दिलं. पाऊस मुरला की तीच बुरशी पोळ्यातून कोंब काढते आणि माती भेदत वर येते. म्हणून तिच्या छत्रीच्या मधोमध टोकदार, घट्ट उंचवटा असतो.

माझी आजी अळंबी कधी खेचून काढू द्यायची नाही. देठाला लागून बोट मातीत घालायचं, हळूहळू माती मोकळी करायची. वीतभर गेलं तरी देठ संपत नाही; खाली बारीक होत सुतळीसारखा पोळ्याच्या दिशेने जातो. तो सबंध निघाला की आजी उजेडाकडे धरून बघायची.

ते मूळ बघणं किती महत्त्वाचं, ते मला फार उशिरा कळलं. शिकायला शहरात असताना एकदा हिरवळीवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या. गावची आठवण इतकी दाटून आली, की खालची माती न बघताच मी त्या खुडल्या आणि शिजवल्या. दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या, त्या रात्रभर थांबल्या नाहीत. ती क्लोरोफायलम नावाची विषारी छत्री होती. तिच्या छत्रीखालच्या पडद्यांना पुढे हिरवट झाक येते. वारुळावरच्या अळंबीचे पडदे आधी पांढरे, मग फिकट गुलाबी होतात. मी ते उलटून पाहिलंच नव्हतं.

मी वाचलो, कारण ते विष आतडी पिळवटून थांबतं. अमानिटा नावाच्या छत्र्यांच्या काही जातींचं विष त्याहून फार भयंकर. देठाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी दिसली, तर हात लावू नका. ते विष शिजवून जात नाही. त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो, मध्ये माणसाला बरं वाटू लागतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलते, किड्याने खाल्लेली चालते, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. त्यांच्यावर जीव टांगू नका. एका खुणेवरही विसंबू नका. लांब मूळ इतर काही छत्र्यांनाही असतं. वारूळ, मूळ, उंचवटा, पडद्यांचा रंग, सगळं जुळायला हवं, आणि पहिली काही वर्षं जाणत्या माणसाबरोबरच जायला हवं.

वारुळावर काळ्या बोटांसारखी बुरशी उगवलेली दिसली, तर बहुधा ते वारूळ ओस पडलेलं असतं. वाळवी गेली की पोळ्याचा ताबा दुसरी बुरशी घेते. जास्त अळंबी मिळेल म्हणून कुदळ घालणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो: वारूळ मोडलं की शेतकरीच गेला.

आजी पूर्ण उमललेल्या छत्र्या तशाच ठेवायची. तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. बहुतेक जातींत नवं वारूळ वसवणारी वाळवी बुरशीचे बीजाणू अशा उमललेल्या छत्र्यांतूनच मिळवते. सगळ्याच कळ्या खुडून नेल्या तर तिला पेरायला बीच उरत नाही. मुळाचा खड्डा आजी पायाने बुजवायची, टोपली पानांनी झाकायची आणि झपाझप घरी यायची. दुपारपर्यंत अळंबी मऊ पडते, संध्याकाळी तिच्यात अळ्या होतात. म्हणून घरात पाऊल टाकताच आधी चूल पेटायची, मग कांदा, ओलं खोबरं आणि दोन आमसुलं.