गुलाबी रंग आला म्हणजे रक्तच, असं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

खुनाच्या बातमीत शेवटी एक ओळ असते : 'नमुने फॉरेन्सिक लॅबकडे पाठवले.' मुंबईत कलिना इथे किंवा नागपूर, पुण्याला ज्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेत, तिथल्या ज्येष्ठ वैज्ञानिकाचं काम त्या ओळीनंतर सुरू होतं.

पुडकं हातात आलं की आधी लाखेचं सील पाहायचं. ते शाबूत आहे का, पोलिसांच्या पत्रावरच्या नमुना सीलशी जुळतं का, हे तपासून मगच कात्री लावायची. इथे तफावत राहिली, तर पुढची सगळी मेहनत कोर्टात कोलमडू शकते.

मग शर्टावरचा डाग. फिल्टर पेपर त्यावर हलकेच घासायचा, फिनॉल्फ्थॅलिनचं खास तयार केलेलं द्रावण टाकायचं, नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड. क्षणात गुलाबी रंग! पण काही भाज्यांच्या रसानेही तो येऊ शकतो. म्हणून पुढे रक्ताची खात्री करायची, ते माणसाचं की बोकडाचं हे पाहायचं, आणि मग कोणाचं, यासाठी डीएनए. तरीही ते शर्टावर मारताना उडालं की जखमीला उचलताना लागलं, हे डीएनए सांगत नाही. अहवालावर सही करणाऱ्याने तिथेच थांबलं पाहिजे. तपास अधिकाऱ्याला घाई असते, घरच्यांचा जीव टांगणीला असतो. तरी पुराव्यापलीकडे एक शब्दही लिहायचा नाही. इंग्लंडमध्ये १९८६ साली एका खुनाची कबुली दिलेला तरुण डीएनए चाचणीमुळेच निर्दोष ठरला होता.

मला सगळ्यात जास्त कळवळा येतो तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलाच बांधून आलेला कपडा पाहून. ओलीत जिवाणू वाढतात, बुरशी धरते, डीएनए तुटत जातो. कपडा सावलीत वाळवून कागदात बांधायला किती वेळ लागतो हो? व्हिसेराचंही, म्हणजे शवविच्छेदनात काढून ठेवलेल्या अवयवांच्या नमुन्याचंही, तसंच. विष शोधायचं असेल तर तो बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात हवा. फॉर्मॅलिन या अवयव टिकवणाऱ्या रसायनात ठेवला की कित्येक विषांचा शोध अवघड होऊन बसतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत मिळाली आहे. एवढ्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं भरून, शिकवून तयार झाली पाहिजेत.