सुका कचरा बाहेर ठेवायच्या आधी हे ऐका : पुण्यातल्या घरांसाठी, सोसायट्यांसाठी आणि दुकानदारांसाठी

नमस्कार मंडळी, आज कचऱ्यावर बोलायचंय. १ एप्रिल २०२६ पासून देशभर घनकचऱ्याचे नवे नियम लागू झालेत, २०१६ चे जुने नियम गेले, आणि आपल्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हापासून नुसता गोंधळ चाललाय. कुणी म्हणतंय चार डबे विकत घ्या, कुणी म्हणतंय आता सोसायटीनं सगळा कचरा आतच जिरवायचा. तर नीट बघूया.

आधी चार डब्यांचं. पूर्वी तीन भाग होते, ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. आता चार झालेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि चौथा म्हणजे विशेष काळजी घ्यायचा कचरा. या चौथ्यात रंगाचे डबे, बल्ब-ट्यूब, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं असं सगळं येतं. यासाठी चार मोठे डबे आणायची काही गरज नाहीये. ओल्याला एक डबा, सुक्याला एक पिशवी, सॅनिटरी रोजच्या रोज वेगळं बांधून द्यायचं आणि औषधं-बल्ब एका जुन्या खोक्यात साठवायचे, ते काय रोज निघत नाहीत.

आता मला खरं जे सांगायचंय ते. पुण्यात तुमच्या दारात कचरा घ्यायला जी ताई येते ती बहुतेक भागात स्वच्छ या सहकारी संस्थेची सभासद असते. ही संस्था कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची आहे, २००८ मध्ये महापालिकेबरोबर करार करून काम सुरू झालं. त्याच्याही मागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, १९९३ ची, बाबा आढाव आणि बाकी कार्यकर्त्यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली. पूर्वी या बायका कचराकुंडीत उतरून भंगार वेचायच्या, तिथून त्या आपल्या दारापर्यंत आल्या, ओळखपत्र मिळालं, हे सहज झालेलं नाही, वर्षानुवर्षं भांडून मिळवलंय.

आणि या ताईला महापालिकेचा पगार नसतो हे अजूनही खूप जणांना माहीतच नाही. आपण महिन्याला देतो ती फी आणि सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार विकून येतात ते पैसे, यावर तिचं घर चालतं. म्हणजे आपण सुका कचरा कसा देतो यावर तिची कमाई ठरते, थेट ठरते. कोरडी स्वच्छ रद्दी आणि पुठ्ठा भंगारवाला भाव देऊन घेतो, तोच पुठ्ठा आमटीनं भिजलेला असेल तर तो गेला.

(दुधाची पिशवी कॅमेऱ्यासमोर धरून) ही बघा दुधाची पिशवी, रोज प्रत्येक घरात येते. आपण काय करतो, कोपरा कापतो आणि तो एवढासा तुकडा ओट्यावर पडतो, तिथून सिंकमध्ये किंवा ओल्या कचऱ्यात. तो एवढा लहान असतो की नंतर तो कुणीच वेचू शकत नाही, खतात गेला की तसाच राहतो. तर कापताना पूर्ण कापायचंच नाही, असा अर्धवट कट द्यायचा, तुकडा पिशवीलाच लटकला पाहिजे. मग पिशवीत थोडं पाणी घालून विसळायचं, (ते पाणी कुंडीत ओता, झाडाला चालतं) आणि पिशवी उलटी करून नळाला अडकवून वाळवायची. आठवडाभराच्या एकदम द्या. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबट वास मारायला लागते आणि ती ज्या पोत्यात जाते त्या पोत्यातला कागदही खराब करते.

दुसरी गोष्ट, गाठ मारलेली काळी पिशवी. त्यात काय आहे हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ती हातानं फाडून बघावी लागते, आणि आत फुटलेला ग्लास असतो, ब्लेड असतं, इन्सुलिनच्या सुया असतात. कृपा करून काच जाड कागदात गुंडाळा आणि वर मोठ्या अक्षरात काच असं लिहा. सुया एखाद्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावून वेगळ्या द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही पद्धत पुण्यात बरीच वर्षं आहे, लाल ठिपका दिसला की ते पुडकं उघडायचं नाही हे तिला कळतं. घरात लाल पेन नसेल तर लिपस्टिक चालेल, टिकली चालेल, पण खूण करा.

चिप्स, बिस्किटं, शॅम्पूच्या पुड्या यांचं प्लास्टिक वेगळं असतं, आत चंदेरी थर चिकटवलेला असतो. ते भंगारवाला सहसा घेत नाही. सुक्यातच टाकायचं, पण त्यातून ताईला फारसं काही मिळत नाही आणि उचलावं मात्र तिलाच लागतं. म्हणून मला एका गोष्टीचा फार त्रास होतो. काही सोसायट्यांमध्ये पुठ्ठा, बाटल्या, रद्दी असं चांगलं भंगार आधीच बाजूला काढून परस्पर विकलं जातं आणि उरलेली पाकिटं, थर्माकोल, फाटक्या चपला तेवढ्या कचरावेचकापुढे येतात. कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा. फी वेळेवर देतो म्हणजे झालं असं नाही, भंगार हा तिच्या मेहनतान्याचाच भाग आहे.

मोठ्या सोसायट्यांचं आता. नव्या नियमात मोठा कचरा निर्माण करणारे म्हणजे कोण हे ठरवून दिलंय : २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम, किंवा दिवसाला ४०,००० लिटर पाणी, किंवा दिवसाला १०० किलो कचरा. यातलं एक जरी लागू झालं तरी तुम्ही त्यात आलात. मग ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. पुण्यात कितीतरी सोसायट्यांत बिल्डरनं गांडूळखताचे खड्डे बांधून दिलेले आहेत आणि आज त्यात कुंड्या नि मोडक्या सायकली ठेवल्यात. ते साफ करा, सुरू करा. गांडूळखत प्रकल्प चालू असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते, सौर ऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवायची सोय असेल तर तीही धरतात, आणि ही सवलत ५ ते १० टक्के असते. प्रकल्प प्रत्यक्ष चालू पाहिजे बरं का, नुसता कागदावर नको.

दुकानदार मंडळींनो, तुमचं थोडक्यात. पुठ्ठ्याची खोकी उघडून सपाट करून बांधून द्या, पावसाळ्यात शटरच्या आत ठेवा. हॉटेलवाल्यांनी ओल्यात टिश्यू, स्ट्रॉ, सॉसच्या पुड्या जाऊ देऊ नका कारण हॉटेलचा ओला कचरा वेगळ्या गाडीनं गोळा होऊन बायोगॅसला जातो, त्यात प्लास्टिक आलं की मशीन अडकतं. चहाचे कागदी कप म्हणजे कागद नाही, आतून प्लास्टिकचा थर असतो, ते रद्दीत टाकू नका. आणि कॅरीबॅग, १२० मायक्रॉनची चालते असं जे तुम्हाला होलसेलवाला सांगतो ती देशपातळीवरची अट आहे, महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, जाडी कितीही असो. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हे सगळं न केल्यावर मिक्स कचरा जातो कुठे? पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. शहराचा कचरा त्यांनी कित्येक वर्षं सोसलाय, विहिरींचं पाणी खराब झालं, धूर सोसला, गाड्या अडवून आंदोलनं केली. आपल्या किचनमध्ये दहा सेकंद वाचवायला आपण तो ढीग वाढवतो, मला तरी हे पटत नाही.

जुने कपडे, गाद्या, बंद पडलेले मिक्सर, मोबाईल, चार्जर यासाठी स्वच्छचे व्ही कलेक्ट नावाचे संकलन उपक्रम होतात, तुमच्या भागात कधी आहे ते दारात येणाऱ्या ताईलाच विचारा, तिला माहीत असतं. बॅटरी काढता येत असेल तर काढून वेगळी द्या, फुगलेली असेल तर भोक पाडू नका, दाबू नका, आग लागते. आणि तुमच्या सोसायटीत किंवा दुकानात काही अडत असेल तर खाली कमेंटमध्ये भागाचं नाव टाकून लिहा, पुढचा व्हिडिओ मी त्यावरच करणार आहे.