दुकानाच्या दारातली सायकल

श्रोतेहो, नमस्कार.

आपली सांगली कृष्णाकाठच्या सपाट काळ्या जमिनीवर वसलेली आहे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्या बहिणीला भाजी आणायची तर चढ चढावा लागतो. मी मात्र विश्रामबागेतून गणपती मंदिरापर्यंत वीसेक मिनिटांत सायकलवर पोचते, तेही दम न लागता. सायकलीसाठी याहून सोयीचं गाव कुठलं असणार? तरीही ही सायकल अडते, आणि अडते ती दुकानाच्या दारात.

गेल्या श्रावणातली गोष्ट. एका किराणा दुकानासमोर मी सायकल शटरशेजारच्या भिंतीला टेकवली. आतून आवाज आला, "ताई, तिथं नको, पुढं रस्त्यावर लावा." मी ती दोन मोटारसायकलींच्या मध्ये साइड स्टँडवर उभी केली. कॅरिअरला पाच किलो ज्वारीचं पीठ बांधलेलं होतं. शेजारची गाडी बाहेर काढताना कुणाचा तरी धक्का लागला आणि सायकल आडवी झाली. सगळं पीठ ओल्या रस्त्यावर सांडलं. मला दुकानदाराचा राग आला नाही. सायकल लावायची जागाच नव्हती, तर तो तरी काय सांगणार? पण त्यानंतर महिनाभर मी त्या दुकानात गेले नाही, हेही खरं.

कुलपाचंही तसंच आहे. आपल्या सायकलींना मागच्या चाकाचं कुलूप असतं. चाक फिरत नाही, पण सायकल उचलून टेंपोत टाकायला कुणाला फारसा वेळ लागत नाही. तिची फ्रेम साखळीनं कशाला तरी बांधता आली पाहिजे, आणि बाजारपेठेत बांधायला मिळतो तो फक्त विजेचा खांब.

काही ठिकाणी चाक अडकवायचे स्टँड दिसतात. दुकानदारांनो, तसले कृपा करून बसवू नका. त्यात सायकलचा सगळा भार पुढच्या चाकावर येतो. जरा ढकललं गेलं की तारा वाकतात, चाकाला आउट येतो, म्हणजे ते वाकडं फिरायला लागतं, आणि फ्रेमला साखळी घालता येत नाही ती नाहीच.

लागतो तो फक्त एक वाकवलेला पाइप. कागद-पेन्सिल जवळ असेल तर माप लिहून घ्या. दीड-दोन इंची लोखंडी पाइप, उलट्या यू आकारात वाकवलेला. जमिनीपासून उंची अडीच फूट, रुंदीही साधारण तेवढीच. दोन्ही पाय काँक्रीटमध्ये पक्के गाडायचे. एका पाइपाला दोन बाजूंनी दोन सायकली टेकतात. दोन पाइपांमध्ये तीन फुटांचं अंतर सोडा, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. तो भिंतीला चिकटवू नका आणि माणसांच्या चालायच्या वाटेत आणू नका. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला हे काम सहज करून देईल. फुटपाथवर किंवा रस्त्याकडेला बसवायचा असेल, तर आधी महापालिकेला विचारा.

जागा जाईल, अशी काळजी दुकानदाराला वाटते, आणि ती मला समजते. पण हिशोब करून पाहा: एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. मोटारीतून एक कुटुंब उतरतं, सायकलींवरून आठ-दहा गिऱ्हाइकं येतात. आमच्या पिशवीत थोडंच मावतं, म्हणून आम्हाला पुन्हा यावं लागतं. आज साखर, परवा शेंगदाणे. आम्ही सहसा लांबच्या दुकानातही जात नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दूधवाले आहेत. दिवाळीच्या आधी त्यांनी असे दोन पाइप बसवले. पहाटे पेपर टाकणारी मुलं तिथंच सायकली लावून चहा घेतात. नंतर शाळेच्या मुली येतात. संध्याकाळी माझी सायकल असते. परवा मी गेले तर चारही जागा भरलेल्या होत्या. दूधवाले काउंटरमागून हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, तिसरा सांगितलाय, सोमवारी येईल."