दशमीच्या पाण्यावर बिऱ्हाड

(दृश्य : वेसाव्याची जेट्टी. फेरीबोट सुटते आहे. समोर मढचा किनारा.)

मुंबईतलं वेसावे (वर्सोवा) आणि मढ यांच्यामध्ये मालाडची खाडी आहे. फेरीबोटीत बसलं की माणूस काही मिनिटांत पलीकडे. दुचाकीसुद्धा याच बोटीतून जाते. पण फ्रीज, कपाट, दिवाण, पाण्याची पिंपं असं अख्खं बिऱ्हाड टेम्पोत घालून न्यायचं म्हटलं, तर अंधेरी, गोरेगाव, मालाड, तिथून मार्वे रस्ता आणि मग मढ, असा वीस किलोमीटरच्या वरचा वळसा पडतो. शिवाय टेम्पो कोळीवाड्याच्या तोंडाशीच थांबणार. घरापर्यंतचं उरलेलं अंतर सामान खांद्यावरच जायचं.

वेसावे कोळीवाड्यातलं एक कुटुंब मढला राहायला निघालंय. नवरा-बायको, दोन मुलं आणि सासूबाई. वहिनींचं माहेर मढचं. तिथे त्यांच्या दादूसच्या, म्हणजे भावाच्या, घराला लागून दोन खोल्या मिळाल्यात. दादूसची होरी, म्हणजे छोटी होडी, आहे, हाताशी दोन खलाशी आहेत. सामान पाण्यावरूनच न्यायचं, हे घरात बोलता बोलता ठरून गेलं. प्रश्न होता तो दिवसाचा.

(दृश्य : भिंतीवरची दिनदर्शिका. सासूबाईंचं बोट तिथीवर.)

कोळीवाड्यात घर हलवायचा दिवस आधी पाणी ठरवतं, मग माणसं. पावसाळा पहिल्यांदा बाद होतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात, खाडीच्या मुखाशी लाटा उसळत असतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात, पण तेव्हा सगळ्यांचे हात धंद्याला लागलेले असतात, कोणाकडे मदत मागायची? दिवाळी उलटली की समुद्र निवळतो. म्हणून मार्गशीर्ष.

महिना ठरला. आता तिथी. सासूबाईंचा हिशोब इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे : तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. छापील भरतीच्या कोष्टकाशी ताडून पाहिलं तर कधी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कागद-पेन्सिल न घेता दिवसाचा आराखडा डोळ्यांपुढे उभा राहतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि चंद्राची तिथीही रोज पुढे सरकते. दोन्ही एकाच चंद्राच्या चालीवर चालतात, म्हणून ही पाऊणपट जमते.

मुलाला वाटत होतं, पौर्णिमा धरावी. उधाणाचं पाणी मोठं, होरी थेट धक्क्याला लागेल. सासूबाईंनी मान हलवली. उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच खाली जातं. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे एका मजल्याहून जास्त. संध्याकाळपर्यंत खाडीच्या कडेचा चिखल उघडा पडतो आणि भरलेली होरी चिखलात रुतून बसते. शिवाय एवढं पाणी सहा तासांत आत शिरायचं आणि सहा तासांत बाहेर पडायचं, म्हणजे खाडीच्या तोंडाशी ओढ जबरदस्त. कपाट घेऊन त्या ओढीत कोणी जात नाही. अमावास्येला उधाणाचं पाणी तसंच, आणि अमावास्येला नव्या घरात कोणी पाऊल ठेवत नाही.

उधाणाच्या उलट भांग. अष्टमी उलटली की एक-दोन दिवस पाणी कमी चढतं, कमीच उतरतं, ओढ मऊ असते. ओहोटीलाही जेट्टीच्या खालच्या पायऱ्यांशी बऱ्यापैकी पाणी राहतं. म्हणून दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. मार्गशीर्षात सूर्य सातच्या आसपास उगवतो, साडेसातला भरती पूर्ण होणार. उजेड आणि पाणी एकाच वेळी हाताशी. दशमी तिथीही शुभ. दिवस ठरला : मार्गशीर्ष शुद्ध दशमी.

(दृश्य : गल्ली. वहिनींच्या हातात सुतळी.)

आता गल्ली. कोळीवाड्यातल्या गल्ल्या माणसांच्या आणि पाट्यांच्या मापाने वाढल्या. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई आणि समोरून येणारा माणूस एकमेकांना वाट देतील, एवढी रुंदी पुरत असे. पुढे घरांवर मजले चढले, जिने बाहेर आले, पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या पेट्या भिंतीवर आल्या, एसीची खोकी डोक्यावर लटकली. गल्ली जमिनीशी आहे तेवढीच राहिली आणि खांद्याच्या उंचीला अरुंद झाली.

लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, खोली दीड फुटाच्या थोडी वर. वहिनींनी एका सुतळीला दोन गाठी मारल्या : एक कपाटाच्या उंचीची, दुसरी रुंदीची. आणि घराच्या दारापासून जेट्टीपर्यंत ती सुतळी धरून त्या चालत गेल्या. सरळ गल्लीत प्रश्न नाही, कपाट आडवं करून दोघांनी धरलं की निघतं. अडतं ते वळणावर. तिसऱ्या वळणाशी एका बाजूला ओटा पुढे आलाय आणि दुसऱ्या बाजूला नळाची नळी भिंतीपासून चार बोटं सुटी आहे. तिथे उंचीची गाठ ताणून धरली तर सुतळी भिंतीला टेकून वाकते. म्हणजे आडवं कपाट इथे वळणार नाही. तिथे ते उभं करायचं, तळाच्या एका कोपऱ्यावर तोलून पाव वळसा द्यायचा आणि पुन्हा आडवं. कपाटाची दारं दोरीने बांधलेली हवीत, कप्पे काढून ठेवलेले हवेत, आणि वर लोंबणाऱ्या वायरी कोणीतरी बांबूने उचलून धरायला हव्यात. ओट्यावरच्या मावशींनी तुळशीची कुंडी आणि दोन डबे आत घेतो म्हणून सांगितलं. बांबू त्यांच्याच घरचा.

मला या चित्रीकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही सुतळी. सामान हलवणारी मोठी कंपनी येते ती खोके, फोम आणि यादी घेऊन येते. त्या वळणाचं माप तिच्याकडे नसतं. ते घेणारी वहिनींसारखी माणसंच असतात, आणि त्या मापावर अख्खी सकाळ उभी असते.

जगात इतरत्रही पाण्याकाठच्या वस्त्यांमध्ये हेच प्रश्न पडतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटोला आणि सिएटलच्या लेक युनियनवर तरंगत्या घरांच्या वस्त्या आहेत. घरं पाण्यावर, रस्ता म्हणजे लाकडी फळ्यांचा धक्का, गाडी किनाऱ्यावरच थांबते आणि सामान हातगाडीवरून न्यायचं. सॉसलिटोला समुद्राची भरती येते, त्यामुळे किनाऱ्यावरून धक्क्याकडे उतरणारी बिजागरीची फळी भरतीला जवळजवळ सपाट असते आणि ओहोटीला उतार धरते. जड सामान हलवायचं ते फळी सपाट असताना. सिएटलच्या तळ्याला समुद्रापासून दरवाजांनी वेगळं केलंय, तिथे भरतीची चिंता नाही. पण वजनाची आहे. तरंगत्या घरात एका कोपऱ्यात पुस्तकांचं मोठं कपाट ठेवलं तर घर त्या बाजूला कलतं, मग पाणबुड्याला बोलावून खालून जादा तरंगते पिंप बसवावे लागतात. वेसाव्याची घरं जमिनीवर आहेत, पण सामान होरीत चढलं की नियम तोच.

(दृश्य : पहाट. होरीत सामान चढतंय.)

कपाट होरीच्या लांबीच्या दिशेने, अगदी तळाशी, मधोमध. फ्रीज त्याच्या मागे उभा, दोन्ही बाजूंनी गाद्यांनी टेकवलेला. फ्रीज आडवा करायचा नाही, करावाच लागला तर नव्या घरी उभा करून काही तास थांबायचं आणि मग बटण दाबायचं, नाहीतर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत चढलेलं असतं. पिंपं रिकामी, पण त्यांत भांडी कोंबलेली. तांदळाची पोती डाव्या-उजव्या बाजूला सारखी. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, काही जड नको. तांडेल, म्हणजे होरी हाकणारा, मागे बसणार, त्याला पुढचं दिसलं पाहिजे, म्हणून उंच काही नाही. आणि मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट. यावर दादूसने कोणाचंही ऐकून घेतलं नाही.

जेट्टीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि दगडांना चिकटलेली कालवं. त्यांच्या धारेने तळवा फाटतो. म्हणून पायऱ्यांवर आदल्या रात्रीच गोणपाटं ओली करून अंथरली होती. भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी चढवायला सुरुवात केली की पाणी वर येत राहतं आणि होरी एकेका पायरीने माणसांजवळ येते. पाणी उतरायला लागल्यावर उलटं होतं, दर फेरीला सामान थोडं खालपर्यंत उचलून न्यावं लागतं. तो एक तास वाचवण्यासाठी एवढा हिशोब.

सगळ्यात शेवटी चढतं ते सगळ्यात आधी उतरतं. त्यामुळे शेगडी, पाण्याची कळशी, मीठ, हळद-कुंकू, दूध आणि एक पातेलं शेवटी. देवाचे टाक सासूबाईंच्या मांडीवर, फडक्यात बांधलेले. निघण्याआधी त्या हिंगळादेवीला जाऊन आल्या. मढला उतरल्यावर पहिला नारळ हरबादेवीला.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण दिवस खाणारं. गॅसचं कनेक्शन दुसऱ्या वितरकाकडे वळवायचं, शिधापत्रिकेवरचा पत्ता, विजेचं शेवटचं बिल, मतदार यादीसाठी ८ नंबरचा अर्ज. हे सगळं महिनाभर आधी सुरू केलेलं बरं.

(दृश्य : वेसाव्याचा किनारा. वलांडीवर बोंबील वाळताहेत.)

आता जे नेता येत नाही, त्याच्याबद्दल. कोळ्याचं घर चार भिंतींत मावत नाही. जाळं दुरुस्त करायला ओटा लागतो. बोंबील वाळवायला बांबूची वलांडी लागते, ऊन आणि वारा लागतो. बर्फाच्या पेट्या ठेवायला सावली लागते. होरी जिथून दिसते अशी एक जागा लागते, कारण नांगर सुटला तर रात्री धावत जावं लागतं. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा उल्लेख झाला. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा सरकारी नोंदींत असलेले कोळीवाडे नकाशावर आखून तिथे घरं बांधायला आणि पुन्हा बांधायला वाव द्यावा, असं त्यात म्हटलं होतं. त्याचं मोल मोठं होतं. पण पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की चर्चा चौरस फुटांवर येते, आणि वलांडी कुठल्याच चौरस फुटात धरली जात नाही. सातव्या मजल्यावरच्या खोलीत डोलीचं जाळं कुठे पसरणार? जो कोणी कोळीवाड्याचा नकाशा काढतो, त्याने आधी एका घराचं सामान होरीत चढताना पाहावं असं मला मनापासून वाटतं.

या कुटुंबाचा धंदाही वेसाव्यातच राहणार आहे. त्यांची होडी इथे नांगरलेली आहे. मच्छीमार सोसायटीचं डिझेल इथे, बर्फ इथे, मासळी घेणाऱ्या ओळखीच्या बायका इथे. नवरा रोज फेरीबोटीने अलीकडे येईल. जाळ्यांचं काय, हा प्रश्न आठवडाभर घरात घोळत होता. शेवटी तिसऱ्या वळणावरच्या त्या मावशीच म्हणाल्या, "माझा ओटा हाय ना. दुपारी कोन बसतंय तिथं? तुमी बसा." भाड्याची गोष्ट काढली तर त्या रागावल्या. दर शनिवारी ताजी मासळी पोचवायची, एवढ्यावर मिटलं.

(दृश्य : मढची जेट्टी. सामान उतरतंय.)

साडेआठच्या सुमारास पहिली खेप मढला लागली. दादूसची मुलं, शेजारचे दोघं, त्यांच्या ओळखीचा एक हातगाडीवाला, सगळे धक्क्यावर उभे होते. हातगाडीवाल्याशी पैसे आधीच ठरले होते, जिन्यासकट. हे आधी बोलून ठेवावंच. ओझं उचलणाऱ्या माणसाशी घासाघीस ओझं खांद्यावर असताना करू नये.

कपाट दारातून आत गेलं. दारासाठीही सुतळीवर तिसरी गाठ होती. वहिनींनी शेगडी पेटवली, दूध उतू जाऊ दिलं. दुसरी खेप पाणी फार उतरायच्या आत, दहाच्या आधी पोचली. भांगाचं पाणी असल्याने तिसरीही जमली असती, पण खलाशांना दुपारी बंदरावर काम होतं.

मागे राहिलं ते थोडंसं : पाटा-वरवंटा, दोन पिंपं, लाकडी घडवंची आणि मुलांच्या सायकली. ते मावशींच्या पडवीत ठेवलंय. सासूबाईंनी दिनदर्शिकेवर वद्य दशमीला पेन्सिलने खूण केली आहे. पाणी साडेसातला, होरी साडेसहाला लावायची, असं दादूसला सांगून झालंय.