नावेतल्या संडासाची टाकी वास का मारते?

नमस्कार मंडळी. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमधून बोलतोय. मागं लेथ चालू आहे, तेवढा आवाज चालवून घ्या.

(काळा रबरी व्हॉल्व्ह कॅमेऱ्यासमोर धरून)

हे बघा. बदकाच्या चोचीसारखं रबर, टोकाला चीर. मैला ढकलला की चोच उघडते, नंतर मिटते, म्हणजे गेलेलं माघारी येत नाही. शिडाच्या नावेतल्या संडासात हा बसतो, याला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. कडेला पांढरं दिसतंय ना? समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि लघवी मिळून हा थर धरतो. चोच ताठ झाली की मिटत नाही, मग बदलायचीच.

बेळगावात समुद्र कुठं आहे, असं तुम्ही म्हणाल. पण खानापूर तालुक्यात देगावजवळ उगवलेली म्हादईच खाली गोव्यात मांडवी होते की! तिथं एका मित्राची नाव नांगरलेली असते, तिच्या पंपाचं काम मी करतो. आपल्या डोंगरातलं पाणी आहे ते. त्यात मैला सोडलेला मला बघवत नाही.

आता हातपंप. एकच दट्ट्या दोन कामं करतो. एका बाजूनं समुद्राचं पाणी भांड्यात ओढतो, दुसऱ्या बाजूनं भांड्यातलं बाहेर ढकलतो. शेजारी खटका असतो. तो फिरवला की पाणी येणं थांबतं आणि नुसतं भांडं रिकामं होतं. पुढं दोन वाटांचा कॉक, एक वाट समुद्राला, एक टाकीला.

इथं नीट लक्ष द्या. हे भांडं बरेचदा बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतं. डब्यात नळी घालून रॉकेल तोंडानं ओढलेलं आठवतंय? एकदा धार लागली की आपोआप वाहायचं. तसा सायफन इथं लागला तर समुद्र भांड्यातून आत येत राहतो आणि धक्क्याला बांधलेली नाव जागच्या जागी बुडते. म्हणून नळी वर नेऊन वाकवतात, नाव कलंडली तरी तो वाक पाण्याच्या वरच राहील इतकी उंच. वाकाच्या डोक्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. हवा शिरली की धार तुटते. तरी नाव सोडून जाताना तळाचे कॉक मी बंदच करतो.

टाकीचा हिशेब सोपा आहे. एका वेळी 2 लिटर धरा, टाकी 60 लिटरची. चार माणसं, दिवसाला प्रत्येकी पाच खेपा, म्हणजे दीड दिवसात टाकी भरली. मग डेकवरच्या झाकणातून मशीन लावून उपसायची, आपल्याकडं सेप्टिक टाकीला गाडी बोलावतो तसं. मारपोल म्हणजे जहाजांमुळं होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणारा आंतरराष्ट्रीय करार, त्यानुसार मोठ्या जहाजांना टाकीतला कच्चा मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरच्या पलीकडं, तोही जहाज चालतं असतानाच सोडता येतो. छोट्या नावेला हा नियम थेट लागत नाही. म्हणून नदीच्या तोंडाशी कॉक उघडावा का? मी तरी उघडू देत नाही.

आता वास. टिळकवाडीत, शहापुरात घरामागं सेप्टिक टाकीचा उंच पाईप दिसतो, वर जाळीची टोपी. नावेतल्या टाकीलाही अशी हवेची नळी असते. लोकांना वाटतं ती गॅस बाहेर जायला. खरं तर हवा आत यायलाही ती तितकीच लागते. हवा मिळाली तर मैला कुजवणारे जंतू फारसा वास करत नाहीत. हवा कोंडली की दुसऱ्या जातीचे जंतू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास तो, आणि बंद केबिनमध्ये विषारी. तुम्ही वरून सुगंधी औषध कितीही ओता, नळी कोंडलेलीच राहते.

पहिल्या वर्षी मी हे भोगलं. हँडल जड झालं, मला वाटलं मैला अडकलाय, मी आणखी जोर लावला. नळीचा क्लॅम्प निसटला आणि केबिनभर झालं. दिवसभर धूत होतो. शेवटी हवेची नळी सोडली तर तोंडाशी कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. याच्या उलटही होतं. नळी बुजलेली असताना बाहेरून मशीननं उपसलं तर हवा शिरायला वाट नसते आणि टाकीच आत चेपते.

दोन दिवस नाव उभी राहिली आणि पहिल्याच पंपाला वास आला, तर मात्र टाकीवर संशय घेऊ नका. ओढनळीत साठलेल्या समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव मेलेले असतात. जाताना भांड्यातून नुसतं गोडं पाणी ढकललं तर ते मैल्याच्या वाटेनं जातं, ओढनळी तशीच राहते. गोडं पाणी ओढनळीतून आत यायला हवं.

हवेच्या नळीची तपासणी दोघांनी करायची. एकानं आत हँडल मारायचं, दुसऱ्यानं बाहेर नावेच्या अंगावरच्या त्या छोट्या भोकासमोर, जरा लांबच, ओला तळहात धरायचा. दर झटक्याला तळहाताला गार फुंकर लागली पाहिजे. लागली नाही, तर हँडल तिथंच सोडा आणि आधी नळी काढा.